छापण्याआधीचा एक फोन

फिन्टन हॅनलीच्या कार्डावर 'इंटरनॅशनल बिझनेस कन्सल्टंट' असं छापलेलं होतं, आणि ते कार्ड कुणाच्या हातात देताना तो जरासा लाजायचा. लंडनजवळच्या वॉटफर्डमधल्या मराठी मंडळींपैकी कुणी विचारलंच, की म्हणजे नक्की काय करता हो तुम्ही, तर त्याची बायको सुप्रभा मध्ये पडून सांगायची, "लोकांना प्रश्न विचारतो. आधी पेपरसाठी विचारायचा, आता कंपन्यांसाठी विचारतो." तेवढ्यावर भागायचं.

सुप्रभा नागपूरची. मराठी शाळेत शिकलेली, सरळ बोलणारी. रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करत तिने अर्धं आयुष्य या देशात काढलं, पण सकाळी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून वंदना म्हटल्याशिवाय चहाला हात लावायची नाही. फिन्टन चर्चमध्ये जायचा तो फक्त कुणी गेलं तरच. तरी तिची वंदना चालू असेपर्यंत तो किटलीचं बटण दाबत नसे. किटली फार आवाज करायची.

तो आयर्लंडमधल्या रॉसकॉमनकडचा. बाप दुधाची गाडी चालवायचा. शाळा सुटली तसा फिन्टन गावच्या साप्ताहिकात लागला, आणि पहिलं काम मिळालं ते मयतांच्या बातम्यांचं. मयताला कोण कोण आलं होतं, त्या सगळ्यांची नावं लिहून आणायची. एखादं नाव सुटलं, की ती बाई पुढचे कितीतरी दिवस रस्त्यात अडवून विचारायची, मी काय आले नव्हते होय रे? तिथला संपादक म्हातारा आणि कडक. त्याचा एकच नियम होता, आणि तो कुणालाही मोडू देत नसे. ज्याच्या विरुद्ध लिहायचं असेल त्याला छापण्याआधी फोन करायचा, तुमच्याबद्दल असं असं कळलंय म्हणून सांगायचं, आणि त्याची बाजू ऐकून घ्यायची. "ती ऐकली नाहीस तर तू बातमीदार नाहीस," तो म्हणायचा, "चुगलखोर आहेस."

हा नियम फिन्टनच्या हाडात जाऊन बसला. पुढे बेलफास्टला गेला, तिथे रोज बॉम्ब फुटायचे त्या वाईट दिवसांत. तिथे एका माणसाने टेबलावर पिस्तूल ठेवून त्याच्या प्रश्नांची उत्तरं दिली, तरी हा शेवटचा प्रश्न विचारूनच उठला. मग लंडनच्या एका पेपरात उद्योगधंद्यांच्या बातम्या करू लागला. कार्डिफला एक कारखाना बंद पडत होता, त्यावर लिहायला म्हणून आला आणि ज्या घरात खोली घेतली त्याच घरात वरच्या मजल्यावर सुप्रभा राहायची. पहिल्याच दिवशी तिच्या कुकरची शिट्टी झाली आणि हा धावत वर येऊन दार ठोकायला लागला, काही फुटतंय का म्हणून. बेलफास्टहून आलेला माणूस तो. सुप्रभाने त्याला बसवून वरण-भात वाढला. नागपूरला तिच्या वडिलांना हे पटायला वेळ लागला. पटल्यावर मात्र ते त्याला पत्रात 'जावईबापू' लिहायचे, आणि ते म्हणजे काय हे समजून घेतल्यापासून फिन्टन ऐटीत असायचा.

पुढे पेपरने माणसं कमी केली, त्यात हाही गेला. काही महिने घरात नुसता बसून होता. मग ओळखीच्या एकाने सुचवलं, की परदेशातल्या एखाद्या कंपनीशी भागीदारी करायच्या आधी ती खरंच सांगते तशी आहे का, हे तिथे जाऊन बघणारा माणूस लोकांना हवा असतो. तुझा हात धरणारं कोण आहे त्यात? आणि खरंच कुणी नव्हतं. फिन्टन कुठल्याही गावात उतरला तरी दोन दिवसांत कारखान्याबाहेरच्या चहावाल्याशी दोस्ती करून यायचा. कधी आफ्रिका, कधी तुर्कस्तानच्या पलीकडे. नाव झालं. सुप्रभा बॅग भरून द्यायची आणि तो परत येईपर्यंत मेणबत्ती जरा मोठी लावायची.

गेल्या शरद ऋतूत त्याला असंच एक काम आलं. डोंगरांपलीकडचा एक देश, तिथला सलाईनच्या बाटल्यांचा कारखाना. लंडनच्या एका कंपनीला त्यात शिरायचं होतं. तिथे फिन्टनला बख्तियार भेटला. बाटल्या तपासणाऱ्या विभागात काम करणारा, चाळिशीतला माणूस, म्हातारी आई आणि बहिणीबरोबर राहणारा. त्याने सांगितलं की तपासणीत नापास झालेल्या बाटल्यांवर नवी लेबलं चिकटवतात आणि त्या आडगावच्या दवाखान्यांत पाठवतात. जुलैमध्ये तर त्याने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याची अट एकच, माझं नाव कुठे येता कामा नये. फिन्टनने शब्द दिला.

वॉटफर्डला परत येऊन त्याने रिपोर्ट लिहून काढला. पाठवायच्या आधी उठला आणि कारखान्याच्या मालकाला फोन लावला.

सुप्रभा बाजूलाच कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने सगळं ऐकलं. फिन्टन अगदी अदबीने बोलत होता. "जुलैमधल्या नापास बाटल्यांबद्दल मला असं कळलंय. माझ्या रिपोर्टात ते येणार आहे. तुमचं काय म्हणणं आहे?" पलीकडचा माणूस हसला असावा, कारण फिन्टनही जरा हसला. मालकाने विचार करायला थोडा वेळ मागितला, आणि फिन्टनने तो दिला. फोन ठेवल्यावर त्याच्या चेहऱ्यावर काम रीतीप्रमाणे झाल्याचं समाधान होतं. सुप्रभालाही त्यात वावगं काही वाटलं नाही. इतकी वर्षं ती असे फोन ऐकत आली होती.

मालकाचं उत्तर काही आलं नाही, तेव्हा फिन्टनने रिपोर्ट तसाच लंडनला पाठवून दिला. बख्तियारचंही मग येईना. फिन्टनने पाठवलेल्या मेसेजांपुढे एकच बारीक खूण दिसायची, दुसरी उमटायचीच नाही. फोन लावला तर बंद. एका सकाळी सुप्रभा वंदना आटोपून स्वयंपाकघरात आली तर हा सिंकपाशी पाठमोरा उभा, नळ चालू, आणि हातात काहीच नाही.

तिने नळ बंद केला. "काय झालं?"

"मी काय करून बसलो ते आत्ता कळतंय मला," तो म्हणाला. "पेपरात असताना मी फोन करायचो आणि दुसऱ्या दिवशी बातमी छापून यायची. एकदा छापून आलं की सगळ्यांना ठाऊक. मग ज्याने सांगितलं त्याला हात लावायला लोक कचरतात. हा रिपोर्ट कोण वाचणार होतं? लंडनमधली चार माणसं, दार लावून. बाकी कुणाला कळणारच नाही. कळलं ते फक्त त्या मालकाला, आणि ते मीच कळवलं."

"पण तू त्याचं नाव नाही घेतलंस. मी ऐकत होते."

"जुलै म्हणालो ना. जुलैमध्ये त्याच्या विभागातले बाकी सगळे सुट्टीवर होते. त्यानेच मला सांगितलं होतं, हसत हसत, की सगळी बाटल्यांची फौज मी एकटा सांभाळत होतो."

नापास सलाईन माणसाच्या रक्तात गेलं तर काय होतं हे सुप्रभाला नोकरीमुळे माहीत होतं. जे लोक ते जाऊ देतात, त्यांना एका तपासनीसाचं काय मोल असणार? तिने चहा टाकला. दोघांचेही कप तसेच राहिले.

त्या शनिवारी त्यांची मुलगी दिया कार्डिफहून आली होती. ती तिथे युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात नोकरी करते. सुप्रभा दुपारी बाजार करून घरी आली तर दिया सोफ्यावर पाय पसरून बसलेली, मांडीवर एक कोरीव लाकडी पेटी, आणि तोंडात काहीतरी.

"आई, हा जर्दाळू किती गोड आहे बघ. तुझ्या नावाची आली होती पार्सल, मी ओपन केला. कोण पाठवली?"

सुप्रभाने झाकण उचलून पाहिलं. वर लिहिलं होतं, सुप्रभा वासनिक हॅनली. वासनिक हे तिचं माहेरचं आडनाव. ती ते लॅबच्या कागदांखेरीज कुठे लावत नव्हती. आत अक्रोड आणि जर्दाळू नीट रांगेत रचलेले, आणि एक जाड, सोनेरी कडांचं कार्ड. आपल्या कुटुंबाच्या उत्तम आरोग्यासाठी. खाली त्या कारखान्याचं चिन्ह.

तिने दियाच्या हातावर चापट मारून जर्दाळू खाली पाडला. "थुंक. तोंडातलं थुंक आधी."

"आई, व्हॉट इज राँग विथ यू?"

"थुंक म्हणते ना."

दिया थुंकली, आणि मग रागावली. सुप्रभाने तिला खुर्चीवर बसवलं, डोळ्यांच्या बाहुल्या बघितल्या, नाडी धरली, किती खाल्ले ते पुन्हा पुन्हा विचारलं. संध्याकाळपर्यंत तिला नजरेआड होऊ दिलं नाही. दियाला काही झालं नाही. "मी मेली नाहीये," ती जेवताना म्हणाली. "डॅड, तुझा क्लायंट ड्रायफ्रूट पाठवते आणि आई डायरेक्ट पोलीस होते. काय चाललाय तुमच्या घरात?"

फिन्टनने नेहमीसारखी गंमत केली नाही. त्याने पेटी उचलून मागच्या अंगणातल्या कचऱ्याच्या डब्यात नेऊन टाकली, परत आला, मागच्या दाराची कडी लावली, ओढून पाहिली, आणि पुन्हा एकदा ओढून पाहिली. मग दियाला सगळं सांगितलं. तिचं हसू हळूहळू मावळलं. थोड्या वेळाने तिने विचारलं, "म्हणजे माझं घराचा अॅड्रेस पण त्यांना माहीत असेल?"

पोलिसांना कळवलं. आलेल्या पोलीस बाईने सगळं शांतपणे लिहून घेतलं, कचऱ्यातली पेटी तपासायला नेली, पुन्हा काही आलं तर लगेच फोन करा म्हणाली. फळांमध्ये काहीच निघालं नाही. सुप्रभाला त्याने बरं वाटण्याऐवजी जास्तच भीती वाटली. विष घालायची त्यांना गरजच वाटली नव्हती.

फिन्टनने लंडनच्या कंपनीला फोन केला. तिथले साहेब फार गोड बोलले. रिपोर्ट उत्तम झालाय, आम्ही त्या व्यवहारातून बाहेर पडतोय, तुमचे आभार. आणि करारातली गुप्ततेची अट लक्षात असेलच.

"आणि त्या माणसाचं काय?" फिन्टनने विचारलं.

"कुठल्या माणसाचं?" साहेब म्हणाले.

फिन्टनने फोन ठेवला. त्याने ठरवलं, छापायचं. त्याच्याबरोबर बेलफास्टला असलेला एक जण आता एका पेपरात संपादक होता. सगळं उजेडात आणलं तर बख्तियारला हात लावणं त्या लोकांना जड जाईल. करार मोडला म्हणजे पुन्हा कुणी काम देणार नाही, कोर्टातही खेचतील, हे त्याला कळत होतं.

"काम गेलं तर गेलं," सुप्रभा म्हणाली. "पण त्यांना आपलं दार माहीत आहे, फिन्टन. दियाचंही असेल. आणि छापल्यावर त्यांनी चिडून त्यालाच संपवला तर?"

"न छापता संपवला तर कुणाला कळणारसुद्धा नाही."

"नाव छापणार आहेस?"

"नाही. शब्द दिलाय."

"मग बिनानावाच्या माणसाला शोधणार कोण?"

सुप्रभा आपल्याच बोलण्याने दचकली. ती त्याला अडवायला बसली होती, आणि कुठे येऊन पोचली होती.

बख्तियारने अडीनडीला म्हणून घरचा नंबर दिला होता. फिन्टनने तिथे फोन केला असता तर त्याचा आवाज ओळखणारं कुणी ऐकत असण्याची भीती. "मी करते," सुप्रभा म्हणाली. म्हणताना तिला वाटलं होतं की तो नको म्हणेल. तो नको म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बुद्धमूर्तीपुढे बसली. एवढंच ठरवलं, की फोनवर खोटं बोलायचं नाही. आपण कोण हे लपवायचं नाही. मग तिथेच बसून तिने नंबर फिरवला. पहिल्यांदा चुकला, पुन्हा फिरवला. फिन्टन दारात उभा होता. तिने त्याला हाताने बाहेर जायला सांगितलं. त्याच्या चेहऱ्याकडे बघत तिला बोलता आलं नसतं.

फोन एका बाईने उचलला.

"मी सुप्रभा. फिन्टनची बायको. इंग्लंडहून बोलतेय."

पलीकडून तोडकंमोडकं इंग्रजी. "कशाला केलात फोन?"

"तुमचे भाऊ..."

"भाऊ नाही. कारखान्याची गाडी आली. म्हणाले, नव्या शाखेत पाठवतोय, कपडे घे. त्या कारखान्याला दुसरी शाखा नाही. कधीच नव्हती." तिचा आवाज चढला. "तुमचा नवरा मूर्ख आहे. एवढा मोठा माणूस, पांढरे केस, आणि मूर्ख."

सुप्रभा म्हणाली, "हो. आता तो हे सगळं पेपरात छापायचं म्हणतोय."

त्यावर ती बाई खालच्या आवाजात म्हणाली, "छापा. नाव छापा त्याचं."

"त्यांनीच नको सांगितलं होतं."

"तेव्हा तो घरी होता," बहीण म्हणाली. "नाव छापा. म्हणजे कुणीतरी विचारेल, हा माणूस कुठे आहे." मागे काहीतरी आदळलं, तिने आपल्या भाषेत कुणाला तरी ओरडून सांगितलं, आणि फोन बंद झाला.

फिन्टन आत आला. 'मूर्ख' तेवढं वगळून सुप्रभाने शब्दन् शब्द सांगितला. ऐकता ऐकता त्याच्यातला बातमीदार जागा झाला. तिच्याजवळ कुणी होतं का? ओरडली ती कुणाला? ती वाचून दाखवल्यासारखं बोलत होती का? "त्यांनीच तिच्याकडून हे म्हणवून घेतलं असेल तर? मी नाव छापलं की ते म्हणतील, बघा, हाच तो, परदेशी लोकांना माहिती विकणारा. मग त्याला उघड उघड आत टाकतील."

"हे मला सुचलं नव्हतं," सुप्रभा म्हणाली.

"आवाज तू ऐकलायस. मी नाही ऐकला. तू सांगशील तसं करतो."

हे ऐकून सुप्रभाला त्याचा राग आला. चूक त्याची, आणि निवाडा आता तिच्या पदरात. तिने मेणबत्तीकडे पाहिलं. रोज पाठ म्हणते ते शब्द आज ओठांवर येईनात. कुठून काही इशारा मिळावा असं तिला फार वाटलं. बाहेर शेजारी गाडी धूत होता, त्या पाण्याचा आवाज तेवढा येत होता. दूर देशातल्या एका माणसाचा जीव, ज्याला तिने कधी पाहिलं नाही, आणि तिने एक आवाज ऐकला होता, तोही मिनिटभर.

"खात्री नाही मला," ती शेवटी म्हणाली. "पण शिकवून बोलायला लावलेलं माणूस गोड बोलतं रे. विनवण्या करतं. ती माझ्यावर चिडली होती. तुला मूर्ख म्हणाली."

"असं म्हणाली?"

"दोनदा."

"मग खरं बोलत होती," तो म्हणाला.

बातमी छापून आली. बख्तियारच्या पूर्ण नावासकट, आणि खाली फिन्टनच्या नावासकट. मालकाला आधीच विचारलं होतं आणि त्याने उत्तर दिलं नाही, हेही त्यात होतं. लंडनच्या कंपनीने वकिलाकडून कळवायचं ते कळवलं. ज्यांची कामं ठरली होती त्यांनी एकेक करून ती दुसऱ्याला दिली. फिन्टनने त्याबद्दल तोंडातून चकार शब्द काढला नाही. दिवसभर त्या देशाच्या बातम्या धुंडाळत बसायचा. दारावरची बेल वाजली की दोघंही जागच्या जागी थिजायची, मग सुप्रभा साखळी न काढता दार किलकिलं करायची. बहुतेक वेळा पोस्टमन असायचा. एकदा शेजारच्या बाईने केक आणून दिला, तर सुप्रभाने तो तोंडभर हसून घेतला आणि टाकून दिला, आणि मग स्वयंपाकघरात तोंडावर हात दाबून रडली. दिया रोज संध्याकाळी फोन करायची. "मी घरात आहे, डोअर लॉक केलीय," एवढंच सांगायची.

मग कारखान्याने एक व्हिडिओ टाकला. पांढऱ्या कोटातला बख्तियार खुर्चीवर बसून सांगत होता, की मी सुखरूप आहे, नव्या जागी काम करतोय, माझी कुणाविरुद्ध काही तक्रार नाही. तो सगळा वेळ कॅमेऱ्याच्या जरा बाजूला बघत होता. कोट त्याच्या मापाचा नव्हता, बाह्यांतून हाताची बोटं जेमतेम दिसत होती.

"जिवंत आहे," फिन्टन म्हणाला.

"व्हिडिओ केला त्या दिवशी होता," सुप्रभा म्हणाली. बोलून गेल्यावर तिला वाईट वाटलं, पण शब्द परत घेता येईना.

व्हिडिओवरून आणखी दोन पेपरांनी विचारलं, की हा माणूस नेमका कुठल्या जागी काम करतोय, आम्हाला भेटता येईल का? तिथल्याही एका छोट्या पेपराने विचारलं. त्यानंतर सगळं शांत झालं. ती शांतता सुप्रभाला सगळ्यात जड गेली. वंदनेत ती आता त्या तिघांसाठी मैत्रीची भावना करायची, ते सुखी असोत म्हणायची: बख्तियार, त्याची आई, त्याची बहीण. बहिणीचं नावसुद्धा तिला माहीत नव्हतं.

झाडांना पालवी फुटायच्या सुमाराला, ती कामावर जायला निघाली असताना तिच्या फोनवर तो नंबर आला. ती कोट अर्धवट चढवलेल्या हाताने तशीच जिन्याच्या पायरीवर बसली.

"तो घरी आलाय," बहीण म्हणाली.

सुप्रभाने विचारलं, "कसे आहेत?"

"जेवतो. बोलत नाही."

"डॉक्टरला दाखवलंत?"

"जेवतो," बहीण पुन्हा म्हणाली, जणू तेवढंच काय ते सांगण्यासारखं होतं. "आता तुम्ही फोन करू नका. आम्ही हे घर सोडतोय. नवऱ्यालाही सांगा, करू नको म्हणावं."

"सांगते. तुमचं नाव..." पण फोन ठेवलेला होता.

फिन्टन आतल्या खोलीतून बाहेर आला होता. तिच्या चेहऱ्यावरून त्याला काही कळेना, आणि विचारायचं धैर्य होईना. सुप्रभाने सांगितलं. तो तिच्या खालच्या पायरीवर बसला. दोन्ही हात गुडघ्यांत घातले.

"बोलत नाही म्हणजे? अजिबात?"

"तेवढंच म्हणाली."

"पण जेवतो."

"हो. जेवतो."

त्याने डोळे पुसले. सुप्रभाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तिची बस गेली असणार.

"घर सोडून कुठे जाणार आहेत?" त्याने विचारलं.

"मी विचारलं नाही," सुप्रभा म्हणाली. "आपल्याला माहीत नसलेलं बरं."